भुई नसलेलं शहर

पॉल सिट्रोएन नावाच्या तरुणानं १९२३ मध्ये इमारतींची छायाचित्रं आणि पोस्टकार्डं कापून एका कागदावर चिकटवली आणि त्या कामाला 'मेट्रोपोलिस' असं नाव दिलं. तो तेव्हा जर्मनीत वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकत होता. काम आकारानं फार मोठं नाही. अडीच फूट उंच आणि रुंदीला दोन फुटांहून थोडं कमीच. तेवढ्या जागेत त्यानं घरं, कचेऱ्या, मनोरे आणि खिडक्यांच्या रांगा इतक्या दाटीनं बसवल्या आहेत की आभाळाला शिरायला वाव राहिलेला नाही. एक इमारत समोरून पाहिलेली, तिला खेटून उभी असलेली दुसरी उंचावरून पाहिलेली, तिसरी रस्त्यात उभं राहून मान वर करून पाहिलेली. निरनिराळ्या शहरांतल्या भिंती एकमेकींना लागून आल्या आहेत. हे नेमकं कोणतं शहर, या प्रश्नाला उत्तर नाही. तरी हे शहर आहे याविषयी पाहणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही.

हे पुस्तक अशा चित्रांविषयी आहे. शहर तुकड्यांतून मांडणारी, ओळखीचं दृश्य मोडून टाकणारी, कधी तर नुसत्या रेषा आणि रंगपट्ट्यांवर येऊन थांबणारी ही चित्रं विसाव्या शतकात जगभर झाली, आपल्याकडेही झाली. त्यांच्यासमोर उभं राहिलं की बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: यात आहे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवणाऱ्या मंडळींनी कलेचं फार नुकसान केलं आहे. मात्र त्या प्रश्नानं या चित्रांचं दार उघडत नाही. कोणत्या प्रश्नानं उघडतं, ते शोधण्यासाठी पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

ती बीड जिल्ह्यात बसून, इथल्या वाचकांसाठी लिहिली आहेत. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. बीडहून ती जवळपास चारशे किलोमीटरवर आहे, आणि आपल्याकडून मुंबईला जाणाऱ्या बहुतेकांचं काम मंत्रालयात, दवाखान्यात किंवा मजुरीच्या ठिकाणी असतं. चित्र आपल्यापर्यंत येतं ते पाठ्यपुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या छापातून, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावरून. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. या दोन शासकीय परीक्षांचं ऋण मी मानतो. खेड्यापाड्यातल्या हजारो मुलामुलींच्या हातात रंगाची पेटी त्यांच्यामुळे आली. पण त्यातल्या स्मरणचित्रानं आपल्या डोळ्याला एक शिस्त लावली, ती आयुष्यभर सुटत नाही. आठवडी बाजार काढा, बसस्थानक काढा. कागदावर आधी क्षितिजाची रेघ येते, जवळची माणसं मोठी, दूरची लहान, आणि सारा बाजार एका जागी उभं राहून पाहिल्यासारखा दिसतो. ही शिस्त पक्की झालेला विद्यार्थी 'मेट्रोपोलिस' पाहतो तेव्हा त्याला वाटतं, हा मुलगा परीक्षेत नापास झाला असता. ते खरंही आहे. सिट्रोएनला ती एक जागाच नको होती.

ती जागा मोडण्याचं काम त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी पॅरिसमध्ये सुरू झालं होतं. १९१२ साली पिकासोनं वेताच्या विणीचा छाप असलेल्या मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रावर डकवला. त्याच वर्षी चित्रकार ब्राकला दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों गावच्या दुकानात लाकडाच्या रेषांचा हुबेहूब छाप असलेला भिंतीवर लावायचा कागद दिसला; तो त्यानं विकत आणला, कापला आणि आपल्या रेखाचित्रात चिकटवला. ब्राकचं घराणं घरं रंगवणाऱ्यांचं. लाकूड नसताना लाकूड दाखवायची कारागिरी त्याच्या हातात होतीच. स्वतः रंगवू शकणाऱ्या माणसानं दुकानातला तयार कागद वापरावा, यात मोठा निर्णय आहे. जगातली वस्तू चित्रात थेट आली. तिच्याबरोबर तिचं दुकान आलं, तिची किंमत आली, ती छापणारं यंत्रही आलं. पाठोपाठ पिकासोच्या चित्रांत वर्तमानपत्राचे तुकडे येऊ लागले आणि त्यांतल्या काहींवर तेव्हा चालू असलेल्या बाल्कन युद्धाच्या बातम्या आहेत. बाटली आणि पेल्याचं चित्र म्हणून पाहायला जावं तर मजकुरात लढाई सापडते. शहरातल्या चहाच्या टेबलावर रोज हेच घडतं.

आज ती वर्तमानपत्राची चित्रं आपल्याला तपकिरी, वृद्ध दिसतात. १९१२ मध्ये ती तशी नव्हती. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो. ताज्या अंकाचा फटफटीत पांढुरका रंग मनात आणल्याशिवाय त्या चित्रांचा मूळ धीटपणा ध्यानात येत नाही. चित्राचा अर्थ लावताना कागदाचं वय लक्षात घ्यावं लागतं, ही गोष्ट पुस्तकात अनेकदा येईल, कारण कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, इतर चित्रांपेक्षा लवकर म्हातारं होतं.

मग पाहायचं कसं? माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की तुकड्यात काय दिसतं यापेक्षा तुकडा आला कुठून, तो कुठे लावला आणि त्याची कड कशी आहे, इकडे आधी लक्ष द्यावं. कड फार बोलते. कात्रीनं सरळ कापलेली कड आणि हातानं फाडलेली कड यांत चित्रकाराचा स्वभाव कळतो. हाना ह्योख या जर्मन चित्रकर्तीनं पहिल्या महायुद्धानंतर मासिकांतून पुढारी, यंत्रं आणि नर्तकी कापून एक प्रचंड कोलाज केलं आणि त्याच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातल्या सुरीचा उल्लेख केला. ज्या हत्यारावर पुरुष कलावंतांनी कधी हक्क सांगितला नसता, त्यानं तिनं त्यांचं सारं राजकारण चिरलं. आणि प्रत्येक कडेच्या पलीकडे काहीतरी राहून गेलेलं असतं. छायाचित्रातला मनोरा कापून घेतला तेव्हा त्याच्या पायथ्याचा फेरीवाला टाकून दिला. कोलाज वाचणं म्हणजे जे चिकटवलं त्याबरोबर जे टाकून दिलं त्याचाही माग काढणं.

हे मला नीट उमगलं ते केज तालुक्यातल्या एका गावात. शाळेच्या ओट्यावर 'मेट्रोपोलिस'ची मोठी छापील प्रत टांगून मी शिक्षकांशी बोलत होतो. पाडवा होऊन गेला होता, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतल्या होत्या, आणि मुलाला न्यायला आलेली एक बाई मागे उभी राहून बराच वेळ चित्र पाहत होती. शेवटी म्हणाली, "सर, ह्यात भुई कुठंय?"

मी वळून पाहिलं. खरंच भुई नाही. रस्त्याच्या फटी दिसतात, पण त्या खोल, वरून पाहिलेल्या. जिथं माणूस पाय टेकून उभा राहील अशी सपाट जागा चित्रात जवळपास नाहीच. त्या चित्राविषयी यंत्रयुग, गती, गर्दी, महायुद्धानंतरचा युरोप असं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्यातलं जे वाचलं होतं त्यात हा प्रश्न नव्हता. ज्या माणसाला दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन घर सोडावं लागतं, कारखान्याच्या परिसरात मिळेल त्या जागेवर कोपी उभारावी लागते, जिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, त्याला नव्या मुक्कामी सर्वांत आधी भुई शोधावी लागते. कोपी कुठे टाकायची, पाणी किती लांब, रात्री बैलगाडी कुठे सोडायची. त्या बाईनं चित्र आपल्या गरजेतून पाहिलं आणि चित्राच्या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट एका वाक्यात सांगितली. ज्या महानगरात माणसाला उभं राहायला जागा नाही, ते सिट्रोएननं इमारतींनीच भरून काढलं आहे. याहून चांगलं रसग्रहण मला करता आलेलं नाही, म्हणून पुस्तकाचं नाव तिच्या प्रश्नावरून घेतलं आहे.

आधुनिक कला समजायला आधी महानगरात राहायला हवं, असं एक मत आहे. मला ते मान्य नाही. एकाच खिडकीतून वर्षानुवर्षं शहर पाहणाऱ्याला शहर अखंड वाटू शकतं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं शहर तसं कधी पाहिलेलंच नाही. त्यानं ते बसच्या खिडकीतून, बांधकामाच्या पाडावरून, मोंढ्यातल्या हमालीच्या रांगेतून, नातेवाइकाच्या खाटेशेजारी दवाखान्यात बसून, १९७२च्या दुष्काळात गाव सोडून गेलेल्या चुलत्याच्या झोपडीतून पाहिलं आहे. ते तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. जुळवायचे म्हटले तर कोलाजच होईल.

खुद्द बीड शहर तरी कुठे अखंड आहे? कोतवाली वेशीतून कारंज्याकडे चालत जा. वेशीचा दगड निराळ्या काळाचा, त्याला टेकलेलं पत्र्याचं दुकान निराळ्या, आणि वर लटकलेला फ्लेक्स कालचा. हा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पाट्यांवर मराठीशेजारी उर्दू आजही दिसते. पूर्वेला कंकालेश्वराचं मध्ययुगीन मंदिर पाण्याच्या कुंडात उभं आहे. गावाबाहेर त्याआधीच्या निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे, तिथून भूमिगत नाल्यांनी पाणी शेतांकडे नेलं आहे, म्हणजे शहराचा एक तुकडा जमिनीखालीच आहे. रेल्वेची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी निघाली ती १७ सप्टेंबर २०२५ला. मधून बिंदुसरा वाहते, आणि जुलै १९८९मध्ये तिला पूर आला तेव्हा तिनं काठच्या वस्त्या उचलून नेल्या. ज्यांनी तो पूर पाहिला ते आजही शहराची हद्द सांगताना नदीनं कापलेली कड सांगतात: इथपर्यंत घरं होती. नकाशात ती रेघ नाही. बीडचं खरं चित्र काढायचं तर ती काढावी लागेल.

फ्लेक्सचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. पूर्वी भिंतीवर कागदी जाहिराती खळीनं चिकटवत. सिनेमाच्या जाहिरातीवर सर्कशीची, तिच्यावर निवडणुकीची, पावसानं वरची सोलली की खालचा नट अर्ध्या तोंडानं बाहेर. पॅरिसमध्ये जाक व्हिलेग्ले आणि रेमों ऐन्स या दोघांनी १९४९ पासून रस्त्यावरच्या अशा फाटलेल्या जाहिरातींचे थर भिंतीवरून उतरवून नेले आणि तेच चित्र म्हणून मांडले. रंग नाही, कुंचला नाही. चित्रकार कोण म्हणाल तर जाहिरात फाडणारा अनोळखी वाटसरू आणि पाऊस. व्हिलेग्लेनं हे काम पुढे अनेक दशकं केलं. आपल्या मोंढ्यातल्या भिंतींवर तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे साहित्य फुकट उपलब्ध होतं आणि ते कुणी जपलं नाही, याची मला खंत आहे. फ्लेक्स आल्यापासून तो थर संपला. फ्लेक्स सोलला जात नाही, त्याच्याखाली मागचं काही उरत नाही. वाढदिवस झाला की तो उतरवतात आणि कुणाच्या तरी छपरावर पाणी गळू नये म्हणून पसरतात. छपरावर उलटा पसरलेला पुढाऱ्याचा चेहरा हे आजच्या मराठवाड्यातल्या शहराचं चित्र आहे. ते कुणीतरी गंभीरपणे करायला हवं.

मराठी मुलखातल्या चित्रकारांनी शहर मोडून मांडलं नाही असं नाही. प्रोग्रेसिव्ह ग्रूपचे हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी घरांच्या भिंती आणि छपरं भूमितीत उतरवली आणि रंगाच्या जोरावर उभी केली. त्यांचं नाव सूझा, रझा, हुसेन यांच्या मागे पडलं, हे मला अन्यायाचं वाटतं. वासुदेव गायतोंडे शहराच्या पलीकडे गेले, त्यांचा विषय वेगळा. प्रभाकर बरवे यांचं १९९०चं 'कोरा कॅनव्हास' मात्र या पुस्तकाच्या वाचकानं जवळ ठेवावं. चित्रकार स्वतःच्या पाहण्याबद्दल मराठीत किती नेमकं लिहू शकतो, ते त्यात आहे.

सर्वांत जास्त पानं मी सुधीर पटवर्धन यांना दिली आहेत. ते अमूर्त चित्रकार नाहीत आणि काटेकोरपणे पाहिलं तर कोलाजकारही नाहीत. त्यांच्या चित्रांत माणसं आहेत, ओळखू येणारी. पुण्यात १९४९ साली जन्मलेला हा चित्रकार व्यवसायानं क्ष-किरणतज्ज्ञ, आणि २००५ पर्यंत त्यांनी ठाण्यात तो व्यवसाय केला. शरीर कापल्याशिवाय आतलं पाहण्याची सवय त्यांच्या शहरचित्रांत उतरली असावी असं मला नेहमी वाटतं. 'लोअर परळ' हे २००१ मधलं चित्र घ्या. तोवर १९८२चा गिरणी संप होऊन दोन दशकं झाली होती आणि गिरण्यांच्या जमिनींवर नव्या इमारती चढू लागल्या होत्या. पटवर्धन हे परिवर्तन सांगायला एकच दृष्टिकोन वापरत नाहीत. पूल एका उंचीवरून दिसतो, वस्ती दुसऱ्या, आणि डोळा एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाताना नकळत जागा बदलतो. सांधे रंगानं बुजवलेले आहेत, एवढंच. पद्धत तुकडे जोडण्याची आहे. आणि सिट्रोएनच्या चित्रात जी नाही ती भुई इथे आहे. माणूस तिच्यावर उभा आहे, थकलेला असला तरी उभा आहे. म्हणून शहराच्या चित्रणात मी पटवर्धनांना पहिली जागा देतो. २००८च्या सुमारास त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवलं. मूळ चित्र लोकांपर्यंत नेण्याचे असे प्रयत्न आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच झाले आहेत.

अर्थ लावण्याला मर्यादा असते, हेही इथेच सांगून टाकायला हवं. अमूर्त चित्रात ज्याला जे दिसेल ते खरं, असं म्हणणं सोपं आहे आणि घातक आहे. पीट मोंद्रियाननं न्यूयॉर्कमध्ये आल्यावर १९४१ साली 'न्यूयॉर्क सिटी १' हे काम केलं. त्यात कुंचल्यानं लावलेला रंग जवळपास नाही. कॅनव्हासवर लाल, पिवळ्या, निळ्या चिकटपट्ट्या आडव्या-उभ्या लावलेल्या आहेत. १९४५ साली ते न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये मांडलं गेलं आणि पुढे १९८० मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात गेलं. २०२२ साली तिथल्या अभिरक्षक सुझान मायर-ब्यूझर यांनी जाहीर केलं की हे चित्र इतकी दशकं उलटं टांगलेलं असावं. मोंद्रियानच्या स्टुडिओचं १९४४ मधलं छायाचित्र मिळालं, त्यात ते दुसऱ्या बाजूनं ठेवलेलं होतं. त्याच घडणीच्या दुसऱ्या चित्रात पट्ट्यांची दाटी वरच्या अंगाला आहे, इथे ती खाली आली होती. मग ते सरळ केलं का? नाही. जुन्या पट्ट्या सैल झाल्या आहेत. फिरवलं तर वजनानं त्या सुटून येण्याची भीती होती, म्हणून ते होतं तसंच ठेवलं. इतकी वर्षं ज्यांनी तळाशी दाटलेल्या पट्ट्यांत रस्ते वाचले असतील त्यांचा अर्थ एका छायाचित्रानं हलवला. चित्राची वरची बाजू कोणती, चिकटपट्टी कशाची, ती कोणत्या वर्षी लावली, ही माहिती अर्थाच्या आधी लागते. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी चित्राचं साहित्य, आकार, साल आणि ते आज कुठे आहे एवढं दिलं आहे. वाचकानं ते ओलांडून पुढे जाऊ नये.

पुस्तकात छापलेली चित्रं मूळ चित्रांपेक्षा खूप लहान आहेत, आणि कोलाजचा उंचवटा, कागदाची जाडी, सांध्यातली सुरकुती छापात येत नाही. मुंबईला कामासाठी गेलात आणि दोन तास मिळाले तर काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी आणि तिच्यासमोर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. जहांगीरला तिकीट नाही, आणि आत जायला ओळख लागत नाही. चित्राच्या एका बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात त्याचा पृष्ठभाग पाहावा.

जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांना एक विनंती आहे. इंटरमिजिएटची तयारी चालू ठेवा, ती हवीच. वर्षातून एकदा मात्र मुलांना आपल्या गावाचं किंवा बीड, अंबाजोगाई, परळीचं कोलाज करायला लावा. साहित्य विकत आणू देऊ नका. एसटीचं तिकीट, बियाण्याच्या पिशवीचा कागद, कारखान्याची पावती, लग्नपत्रिका, दवाखान्याचं पाकीट, उतरवलेल्या फ्लेक्सचा तुकडा, जे घरात आणि रस्त्यात सापडेल ते चालेल. क्षितिजाची रेघ मारू नका म्हणून सांगा. सहा महिने फडावर राहून आलेल्या मुलांना त्यांच्या कोपीच्या जागेचं चित्र करू द्या आणि ते वर्गात सर्वांच्या आधी लावा. आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे, तो चिकटवण्याआधी, कुठून आणला आणि कोणत्या तारखेला, एवढं पेन्सिलीनं लिहून घ्या.